व्हिक्टोरिया राणीची लेस आणि तुमचा गाऊन

लग्नाच्या गाऊनच्या फिटिंगला आलेल्या नवरीची आई हटकून विचारते, "एका दिवसासाठी एवढा खर्च! पुढे ह्या गाऊनचं करायचं काय?" तेव्हा आम्ही इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची गोष्ट सांगतो.

१० फेब्रुवारी १८४०. लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यातलं चॅपल, नवरी २० वर्षांची. मागणीही तिनेच घातलेली. राणीला मागणी घालायला पुढे कोण येणार? गाऊनचं सॅटिन लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातल्या विणकरांचं, लेस इंग्लंडच्याच डेव्हन परगण्यातली, हातची. यंत्रावरच्या स्वस्त जाळीने तिथल्या बायकांच्या पोटावर पाय आणला होता. राणीच्या ह्या एका कामाने बीअर गावाच्या आसपास २०० हून जास्त जणींच्या हाताला काम मिळालं. डोक्यावर मुकुट नाही, नारिंगीच्या फुलांची माळ. गाऊनचा मागे लोळणारा घोळ, म्हणजे ट्रेन, १८ फूट, ती धरायला १२ करवल्या.

पांढरा गाऊन तिनेच पहिल्यांदा घातला असं सगळे सांगतात. ते खरं नाही. स्कॉटलंडची मेरी राणी १५५८ सालीच पांढऱ्यात लग्नाला उभी होती. पण पांढऱ्याची चाल पडली ती व्हिक्टोरियामुळे.

आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. लेस उसवून वेगळी काढता येत होती. राणीने ती मुलांच्या बाप्तिस्म्यांना वापरली. १८६१ मध्ये नवरा, आल्बर्ट, गेला. त्यानंतर जवळजवळ ४० वर्षं तिने काळेच कपडे घातले, पण मोठ्या प्रसंगी त्या काळ्यावर लग्नाचीच लेस. १८८५ मध्ये धाकट्या मुलीला, बीट्रिसला, लग्नात ती घालायला दिली. १९०१ मध्ये राणी वारली, तेव्हा तोंडावर लग्नातलीच लेसची ओढणी घातली होती.

म्हणून आम्ही लेस मशीनने पक्की मारत नाही. अस्तरावर हाताने धावदोरा घालतो. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झग्याला लावायची झाली, तर दोरा ओढा, कापडाला भोक पडत नाही.

घरी एवढं सांभाळा: प्लास्टिकच्या पिशवीत गाऊन ठेवू नका, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. टाचण्या काढा, गंजतात. वर्षातून एकदा घडी बदला. आणि वाइन सांडली असेल तर धुवायला देताना सांगा. आज डाग दिसत नाही, पण साखर राहते आणि पुढे तपकिरी होऊन वर येते. लाजू नका, निम्म्या गाऊनांवर सांडलेली असते.