अलास्कात घरी शिकवायचा पगार मिळतो?

अलास्कात मुलांना घरी शिकवलं की सरकार आईबापांना पगार देतं, म्हणून लोक शाळा सोडतात, हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. तसं काही नाही. पैसे मिळतात ते सरकारी दूरशिक्षण शाळेच्या पटावर असलेल्या मुलासाठीच. शिक्षकाच्या सल्ल्याने त्याचा अभ्यास आखला जातो आणि त्यात बसणाऱ्या पुस्तकांचा, शिकवणीचा खर्च तेवढा मिळतो, तोही पावत्या दाखवून. लॅपटॉप घेतला तर मालकी शाळेची! पालकांची मेहनत फुकटच.

मग हा उद्योग कशाला? मूळ कारण अंतर. कित्येक गावांना रस्ताच नाही. टपालाने शिकवण्याची सोय १९३९ची, अलास्का अमेरिकेचं राज्य होण्याच्या २० वर्षं आधीची. आज कुणाचं मूल वर्गात रमत नाही, कुणाला धर्मशिक्षण हवं असतं. धार्मिक पुस्तकं मात्र पदरमोड करूनच घ्यावी लागतात.