कानशीची ठिणगी, टूल बिटची ठिणगी

भंगाराच्या दुकानात गेलं की दोन वस्तू मी सोडत नाही. दात झिजलेली कानस आणि लेथवर (फिरत्या धातूला कापून आकार देणाऱ्या यंत्रावर) कापायला लावतात तो, घासून घासून आखूड झालेला टूल बिट. घरच्या छोट्या वर्कशॉपात या दोन्हींपासून नवी हत्यारं होतात. दोन्ही इतक्या कडक की नवी कानस त्यांच्यावरून नुसती घसरते. पण एकीला जे मानवतं, त्याने दुसरी वाया जाते.

म्हणून आधी ग्राइंडरवर ओळख पटवायची, अर्थात डोळ्यांवर गॉगल चढवून. कानस टेकवली की पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत उडतो आणि ठिणग्या टोकाशी फुलबाजीसारख्या फुटतात. तापलेल्या कणातला कार्बन जळून वायू होतो, तोच कण फोडतो. टूल बिट हायस्पीड स्टीलचा, म्हणजे तापूनही कडक राहणाऱ्या पोलादाचा असतो; त्यातून मात्र मंद, लालसर, मोजक्या रेघा निघतात आणि फुलोरा जवळजवळ नसतोच. त्यातला टंगस्टन ठिणगी दाबून टाकतो.

कानशीत साधारण एक-सव्वा टक्का कार्बन असतो. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर तापलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात सामावतो. मग लोहार ‘पाणी देतो’, म्हणजे तापलेलं पोलाद एकदम पाण्यात बुडवतो. त्या झटक्यात कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो अडकतो, मांडणी ताणली जाते, अणूंचे थर एकमेकांवरून सरकेनासे होतात. कानशीचा कडकपणा तो हाच, आणि उष्णतेने तो सुटतो. घासलेल्या पोलादावर २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा रंग येतो, ३०० जवळ निळा. ऑक्साइडचा थर जाड होत जातो तसे हे रंग बदलतात. साबणाच्या फुग्यावरचे रंगही असेच पातळ थरामुळे दिसतात. कानशीची कड निळी पडली की तिथली धार टिकणार नाही, तेवढा भाग घासून काढावाच लागतो. म्हणून हात हलका ठेवायचा आणि दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं.

हायस्पीड स्टीलची गोष्ट वेगळी. एम-२ या प्रचलित जातीत सुमारे ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम आणि २ टक्के व्हॅनेडियम असतं. या धातूंची कार्बनशी झालेली बारीक, कठीण संयुगं ५५० अंशांपर्यंतही पोलादाला मऊ पडू देत नाहीत. अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी १८९८ पासून केलेल्या प्रयोगांतून हे पोलाद पुढे आलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं हत्यार लालभडक होऊनही लोखंड कापत राहिलं. मला आजही हे थक्क करणारं वाटतं.

त्यामुळे बिट निळा पडला तरी घाबरायचं कारण नाही. उलट तापलेला बिट पाण्यात बुडवला तर सूक्ष्म तडे जाण्याचा धोका. हवेतच थांबून थांबून घासावा.

भोक पाडायचं असेल तर कानस चुंबकाला चिकटेनाशी होईपर्यंत तापवून रात्रभर कोरड्या राखेत पुरावी. सकाळी ती साध्या ड्रिलने कापते; काम झालं की पुन्हा पाणी देता येतं. हायस्पीडला घरी हा मार्ग नाही. ते हवेत निवतानाही कडक होतं आणि पुन्हा नीट कडक करायला १२०० अंशांच्या आसपासची भट्टी लागते. त्याला आकार द्यायचा तो ग्राइंडरनेच. आखूड बिटचं मी आटे पाडायचं ६० अंशांचं टूल करतो.

कानशीचे दात मात्र आधी पूर्ण घासून काढा, कारण तडा दातांच्या मुळाशीच सुरू होतो. आणि कडक कानशीवर हातोडा कधीच मारू नका. तिचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो.