हाय-गेन गिटार ॲम्पच्या आवृत्त्या आणि खर्जाचा घट्टपणा

इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारांवर तळवा टेकवून भरभर वाजवताना प्रत्येक आघात सुटा, भरीव आणि जागच्या जागी थांबणारा ऐकू आला, तर वादक ॲम्पला ‘टाइट’ म्हणतात. आघात एकमेकांत मिसळून तळाशी भसभस उरली, तर बेस ‘लूज’. शेकून ताणलेली हलगी आणि दमट हवेत सैलावलेली हलगी यांतला फरक सोलापूरकराच्या कानाला ठाऊक असतो. हा फरक त्याच जातीचा आहे. बेस कमी असणे म्हणजे घट्टपणा, हा समज मात्र चुकीचा आहे. भरपूर खर्ज असलेला ॲम्पही घट्ट असू शकतो.

ढिलेपणाचे मूळ डिस्टॉर्शनमध्येच, म्हणजे सिग्नलची टोके कापली जाऊन (क्लिपिंग) येणाऱ्या खरखरीतपणात आहे. सर्वांत जाड ई तार ८२.४ हर्ट्झला वाजते आणि पॉवर कॉर्डमधला (मूळ स्वर आणि पंचम यांच्या जोडीतला) तिचा पंचम साधारण १२३.५ हर्ट्झला. हे दोन स्वर एकत्र क्लिप झाले की त्यांच्या वजाबाकीचा, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झचा तिसराच आवाज तयार होतो. तो कोणी वाजवलेला नसतो, पण स्पीकरला हलवतो. दुसरे कारण सिग्नल टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या ट्यूबच्या (निर्वात नळीच्या) आत आहे. मोठा खर्ज आला की ग्रिडमधून (ट्यूबमधल्या, सिग्नल घेणाऱ्या जाळीतून) प्रवाह वाहतो, दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर भारित होतो आणि पुढचा टप्पा क्षणभर बंद पडल्यासारखा होतो. तो सावरेपर्यंत पुढचा आघात येऊन ठेपलेला असतो.

म्हणून हाय-गेन, म्हणजे सिग्नल खूप वाढवून डिस्टॉर्शन देणारे ॲम्प रचणारे क्लिपिंगच्या आधी खर्ज छाटतात आणि क्लिपिंग झाल्यावर टोन कंट्रोल व स्पीकर चालवणाऱ्या पॉवर ॲम्पमधून परत भरतात. ही छाटणी अगदी साध्या भागांनी होते. ट्यूबच्या कॅथोड या टोकावर २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर सगळा बेस पूर्ण जोराने पुढे जातो. मार्शल कंपनीच्या ॲम्पमधल्या ओळखीच्या ०.६८ मायक्रोफॅरड आणि २.७ किलोओहम या जोडीत खालच्या स्वरांना तेवढा जोर मिळत नाही. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल (पायाने चालू-बंद करायची डबी) लावण्यामागेही हेच गणित आहे. त्याच्या क्लिपिंगच्या टप्प्यात ७२० हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण ठेवली की ढिला ॲम्पही आवळला जातो. एकाच ॲम्पच्या दोन आवृत्त्यांतला घट्टपणाचा फरक बहुतेक वेळा याच जागी, पहिल्या दोन-तीन टप्प्यांतल्या कपॅसिटर-रेझिस्टरच्या मूल्यांत सापडतो. पॉवर ट्यूब बदलून तो शोधणाऱ्यांचे पैसे बऱ्याचदा वाया जातात, असे स्पष्ट म्हणायला हवे.

तुलनेसाठी सर्वाधिक घेतले जाणारे घराणे पीव्ही कंपनीच्या ५१५० या ॲम्पचे. १९९२ मध्ये आलेल्या या १२० वॉटच्या हेडमध्ये (स्पीकरविना असलेल्या ॲम्पमध्ये) चार ६एल६ पॉवर ट्यूब होत्या आणि दोन्ही चॅनेलना टोनची बटणे सामाईक होती. १९९९ च्या ५१५० टू मध्ये प्रीॲम्पला (सुरुवातीच्या टप्प्यांना) एक जादा ट्यूब मिळाली, चॅनेलगणिक इक्यू (टोनची बटणे), प्रेझेन्स (वरच्या पट्टीचे बटण) आणि रेझोनन्स (खालच्या पट्टीचे बटण) वेगळे झाले. हा ॲम्प ज्यांच्या नावाशी जोडलेला होता त्या गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांचा पीव्हीशी करार संपल्यावर पहिला ॲम्प ६५०५ आणि दुसरा ६५०५ प्लस या नावांनी सुरू राहिला. पहिला जाडसर व खडबडीत, दुसरा आवळलेला, असे वादक सर्वसाधारणपणे सांगतात. ५१५० आणि ६५०५ यांच्यात मात्र नावापलीकडे फरक ऐकू आला, तर आधी ट्यूब आणि सुट्या भागांचा टॉलरन्स (लिहिलेल्या मूल्यापासूनची चालणारी तफावत) तपासावा. रेझोनन्सचे बटण पॉवर ॲम्पच्या निगेटिव्ह फीडबॅकमध्ये (बाहेर पडणारा सिग्नल उलटा करून थोडा परत आत देण्याच्या सोयीत) काम करते. ते वाढवले की खालच्या पट्टीत फीडबॅक कमी होतो, स्पीकरवरची पकड सुटते. आवाज जाड होतो, त्याबरोबर सैलही.

मेसा बूगीच्या ड्युअल रेक्टिफायरमध्ये हीच गोष्ट टोकाला जाते. त्याच्या मॉडर्न मोडमध्ये फीडबॅक तोडलेलाच असतो, त्यामुळे कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) स्वतःचा रेझोनन्स, म्हणजे घुमण्याची वारंवारता, उघडपणे बोलते. शिवाय एसी विजेचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरसाठी स्विचने ट्यूब निवडली तर जोरदार आघाताला व्होल्टेज दबते आणि आघाताची कड मऊ होते. सिलिकॉन डायोडवर ती तशी दबत नाही. दोन चॅनेलच्या जुन्या आवृत्त्या, नंतरची तीन चॅनेलची आणि पुढची मल्टी-वॉट यांची तुलना करताना हा स्विच कुठे होता ते नोंदवलेले नसेल, तर ती तुलना सोडून द्यावी.

सोलापुरात अशी तुलना करताना दोन गोष्टी निकाल फिरवतात. पहिली वीज. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो, पण तो ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो. ५० हर्ट्झचे ६० करत नाही. त्यामुळे डीसी पुरवठ्यातली लहर १२० ऐवजी १०० हर्ट्झला येते आणि थोडी मोठीही होते. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी स्वर ९८ हर्ट्झचा आहे. लहर पुरेशी मोठी असेल, तर लांब धरलेल्या या स्वराखाली सेकंदाला दोन ठोके जाणवतात. उन्हाळ्यात कूलर, पंखे सुरू होऊन लाइन दबली की ट्यूबचे सगळेच व्होल्टेज खाली येते. दुपारी ऐकलेली एक आवृत्ती आणि रात्री ऐकलेली दुसरी यांची तुलना म्हणूनच ग्राह्य धरू नये. व्होल्टमीटरवर आकडा पाहून स्टॅबिलायझर लावणे हा साधा उपाय.

दुसरी गोष्ट खोली. स्लॅबच्या, फरशी घातलेल्या दहा बाय बाराच्या खोलीत सुमारे ४७ आणि ५६ हर्ट्झला, शिवाय त्यांच्या दुपटींना, म्हणजे ९४ आणि ११३ ला आवाज घुमतो. नेमक्या याच पट्टीत गिटारचा खर्ज असतो. भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या तर झांजांचा चरचराट कमी होतो, बेसला काहीच फरक पडत नाही. ८२ हर्ट्झच्या लहरीचा चौथा भागच एक मीटरहून लांब असतो, तिथे चादरीची जाडी काय पुरणार? ऐकणारा दोन पावले सरकला तरी ‘घट्ट’ ॲम्प ‘ढिला’ वाटू शकतो.

यावर भरवशाची पद्धत रीॲम्पिंगची. गिटार एकदाच थेट रेकॉर्ड करायची आणि तोच सिग्नल प्रत्येक हेडमध्ये सोडायचा. कॅबिनेट एकच, माइक स्पीकरजवळ आणि न हलवलेला. बटणांचे आकडे जुळवून उपयोग नाही, कारण बटणामागच्या पॉटमध्ये (बदलत्या रेझिस्टरमध्ये) वीस टक्क्यांपर्यंत फरक चालतो; जुळवायची असते ती क्लिपिंगची मात्रा आणि आवाजाची पातळी. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवले की आवाज वाढला की कानाला खर्ज अधिक भरतो. दोन डेसिबलने मोठी लावलेली आवृत्ती त्यामुळे अधिक भरदार वाटते. तार बी पर्यंत, म्हणजे ६१.७ हर्ट्झला उतरवली तर मूळ स्वर व्हिंटेज थर्टी या गिटार स्पीकरच्या ७५ हर्ट्झ रेझोनन्सच्याही खाली जातो. अशा ट्यूनिंगला आवृत्त्यांपेक्षा कॅबिनेटची पेटी आणि पुढचे पेडल यांचाच प्रभाव जास्त दिसतो.