‘सत्तर टक्के बदल फसतात’ हा आकडा आला कुठून?

कंपनीत नवी प्रणाली किंवा नवी रचना यायची असली की प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या एखाद्या स्लाइडवर हे वाक्य हमखास असतं: ‘७० टक्के बदल अयशस्वी होतात.’

या आकड्यामागे मोजमाप नाही. १९९३ साली व्यवस्थापन सल्लागार मायकेल हॅमर आणि जेम्स चँपी यांनी रीइंजिनिअरिंगवरच्या, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने आखण्यावरच्या पुस्तकात लिहिलं, की हे काम हाती घेणाऱ्या ५० ते ७० टक्के संस्थांना हवे तसे मोठे परिणाम मिळत नाहीत. हा अंदाज शास्त्रीय नाही, हेही तिथेच म्हटलं होतं. पुढे ‘५० ते’ गळलं, ‘अंदाज’ गळला आणि रीइंजिनिअरिंगच्या जागी सगळेच बदल आले. १९९५ मध्ये हॅमर यांनीच सांगितलं, की यशापयशाचा असा ठरलेला दर नसतो. पण आकडा तोवर गावभर झाला होता. २०११ मध्ये ब्रायटन विद्यापीठाच्या मार्क ह्यूज यांनी हा दावा करणारी पाच प्रकाशनं तपासली. एकातही ठोस पुरावा सापडला नाही.

मुळात फसलं कशाला म्हणायचं? समजा, कारखान्याच्या स्टोअरमध्ये ईआरपी (माल, खरेदी, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) आलं, पण सहा महिने उशिरा. स्टोअरकीपर माल सिस्टीममध्ये चढवतो आणि शेजारी जुनी वहीही भरतो, कारण स्टॉक जुळला नाही की साहेब वहीच मागतात. वेळापत्रक धरलं तर फसलं, वापर धरला तर जमलं. आणि वही बंद व्हायला हवी असेल, तर आधी साहेबांनी ती मागणं थांबवावं.