मस्टँग घोड्या गट का धरून राहतात

मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना चावणारे दोन नर घोडे, उडणारी धूळ आणि 'जिंकेल तो कळपाचा राजा' अशी ओळ: अमेरिकेतील मस्टँग घोड्यांच्या अशा चित्रफिती समाजमाध्यमांवर सतत फिरतात आणि त्यांवरून माणसांच्या नेतृत्वाचे धडेही काढले जातात. या झुंजी खऱ्या असतात, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. नर बदलला तरी त्याच घोड्या एकमेकींसोबत राहिल्याची उदाहरणे निरीक्षकांनी नोंदवलेली आहेत, आणि गटाला धरून ठेवणारे बळ शोधायचे असेल तर झुंजीपेक्षा घोडीच्या चरण्याकडे पाहावे लागते.

घोड्याच्या वंशाची उत्क्रांती उत्तर अमेरिकेतच झाली, परंतु सुमारे १० हजार वर्षांपूर्वी तो तेथून नामशेष झाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी घोडे पुन्हा तेथे नेले. त्यांतले सुटलेले घोडे आणि नंतर वेळोवेळी मोकाट झालेले इतर घोडे यांचे वंशज म्हणजे मस्टँग. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळाले. सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' या अमेरिकी सरकारी संस्थेच्या २०२४ च्या अंदाजानुसार तिच्या ताब्यातील जमिनींवर मोकाट घोडे व गाढवे मिळून सुमारे ७३ हजार जनावरे होती, आणि त्यांतली सर्वाधिक नेवाडा राज्यात होती.

एका गटात साधारणपणे एक प्रौढ नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असतात. काही गटांत दोन-तीन नरही आढळतात. गट न मिळालेले नर आपसांत टोळकी करून राहतात. शिंगरू दोन-तीन वर्षांचे झाले की, नर असो वा मादी, बहुधा जन्माचा गट सोडते. त्यामुळे हत्तींच्या कळपात जशा आई, मुली आणि मावश्या एकत्र असतात तसे येथे नसते. शेजारी चरणाऱ्या दोन प्रौढ घोड्या बहुतेक वेळा एकमेकींच्या कोणीही नसतात. तरीही त्या वर्षानुवर्षे सोबत का राहतात, हा या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रश्न आहे.

उत्तर शोधण्याआधी निरीक्षणाची पद्धत समजून घ्यावी लागते. माणसाची नजर हालचालीकडे ओढली जाते, म्हणून दिसेल ते टिपत गेल्यास वहीत झुंजीच भरतात. अमेरिकी शास्त्रज्ञ जीन ऑल्टमन यांनी १९७४ मधील एका निबंधात हा दोष नेमका दाखवला आणि ठरलेल्या अंतराने सर्व प्राण्यांची नोंद घेणे किंवा एकाच प्राण्यावर ठरावीक वेळ लक्ष ठेवणे अशा शिस्तबद्ध पद्धती मांडल्या. त्यासाठी प्रत्येक घोडा ओळखता यावा लागतो. रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचा पांढरा भाग आणि अंगावरचे भोवरे ही ओळखीची साधने आहेत. आपल्याकडे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शुभ-अशुभ भोवरे पाहून सौदा करण्याची रीत आहे. पण भोवरा म्हणजे केस उगवण्याच्या दिशेतला फरक, त्याने घोडा ओळखता येतो आणि मालकाचे भाग्य त्यातून कळत नाही, हे स्पष्टपणे सांगायला हवे.

नात्याची घनता काढण्याचे गणित सोपे आहे. समजा, 'अ' आणि 'ब' या घोड्या ३० वेळा एकमेकींच्या सर्वांत जवळ दिसल्या, 'अ' ४ वेळा इतरांजवळ आणि 'ब' ६ वेळा इतरांजवळ दिसली, तर ३० भागिले ४०, म्हणजे ०.७५ हा त्यांचा सहवास-निर्देशांक झाला. एकाच गटातल्या साऱ्याच घोड्या दिवसभर सोबत असल्याने नुसते 'गटात आहे' एवढे धरून भागत नाही. सर्वांत जवळची कोण, हेच मोजावे लागते. त्यानंतर संगणकावर याच नोंदी पत्त्यांप्रमाणे हजारो वेळा पिसून, म्हणजे कोण कोणाजवळ होती हे यदृच्छया बदलून, पाहतात. पिसलेल्या नोंदींमध्ये ०.७५ एवढा अंक क्वचितच येत असेल, तर ती जवळीक योगायोगाची नाही असे मानता येते.

आता चरण्याकडे येऊ. गाय भराभर गवत गिळते आणि नंतर निवांत बसून रवंथ करते. घोड्याला ही सोय नाही. त्याचे जठर एकाच कप्प्याचे असते आणि गवतातला तंतुमय भाग जठरानंतर, अंधांत्रात व मोठ्या आतड्यात, सूक्ष्मजीवांकडून आंबवला जातो. अन्न तेथून लवकर पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक घासातून मिळणारी ऊर्जा गायीच्या मानाने कमी असते. ही तूट घोडा अधिक खाऊन भरून काढतो. निकृष्ट, वाळक्या गवतावर तो तगतो त्याचे रहस्य हेच आहे, आणि त्याची किंमत म्हणजे दिवसरात्रीतले निम्म्याहून अधिक तास मान खाली घालून चरत राहणे. शिंगरू पाजणाऱ्या घोडीची ऊर्जेची गरज सुरुवातीच्या महिन्यांत जवळजवळ दुप्पट होते. शिवाय व्यायल्यानंतर एक-दोन आठवड्यांतच ती पुन्हा माजावर येते आणि अनेकदा एक शिंगरू पाजत असतानाच दुसरे पोटात वाढवते. अशा घोडीला एखाद्या नराने तासभर हुसकावले, तर तेवढे चरणे बुडते आणि त्याची तूट दुधात व पुढच्या गर्भात दिसू शकते.

म्हणून घोडीच्या दृष्टीने गटातला नर हा मुख्यतः राखणदार आहे. तो इतर नरांना दूर ठेवतो, आणि तिला मान खाली घालून चरता येते. तो म्हातारा किंवा दुबळा झाला, पाणवठ्यावर गट वरचेवर एकमेकांत मिसळू लागले, की हा लाभ घटतो आणि घोड्या गट बदलू लागतात. मात्र त्रास गटातल्या नराकडूनही होतो. मान जमिनीलगत ताणून, कान मागे पाडून तो माद्यांना हाकत असतो. येथे माद्यांची आपसांतली जवळीक कामी येते. न्यूझीलंडमधील कायमानावा पर्वतातल्या मोकाट घोड्यांवर एलिसा कॅमेरॉन आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या घोड्या गटातल्या इतर माद्यांशी अधिक जोडलेल्या होत्या त्यांना नरांचा त्रास कमी होता, त्यांना शिंगरे अधिक झाली आणि त्यांतली अधिक जगली. रक्ताचे नाते नसतानाही.

ही जवळीक परस्परांना खाजवण्यातून दिसते. आयाळ संपते त्या जागी दोघी एकमेकींना दातांनी हळूहळू खाजवतात. फ्रान्समधील कामार्ग भागातल्या घोड्यांवरील १९९३ च्या प्रयोगात नेमक्या त्याच जागी माणसाने खाजवल्यावर हृदयाचे ठोके मंदावले. दुसऱ्या जागी खाजवून तसे घडले नाही.

या साऱ्या व्यवस्थेत गाभण असण्याला मोठे महत्त्व आहे, आणि ते गर्भनिरोधक लसीमुळे उघड झाले. मस्टँगांची संख्या रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पीझेडपी या लसीत डुकराच्या बीजांडाभोवतीच्या आवरणातली प्रथिने असतात. घोडीचे शरीर त्यांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाच्या आवरणालाही चिकटतात आणि शुक्राणूला तेथे जागा मिळत नाही. संप्रेरकांचे चक्र मात्र चालूच राहते. एरवी ११ महिने गाभण राहणारी घोडी आता हंगामभर सुमारे दर २१ दिवसांनी माजावर येते आणि नर तिच्यामागे लागतात. कोलोरॅडो, वायोमिंग आणि मोंटाना परिसरातल्या तीन कळपांवरील २०१० च्या अभ्यासात लस दिलेल्या माद्यांकडे नरांचे प्रणयवर्तन सुमारे दीडपट आढळले. नॉर्थ कॅरोलिनातील शॅकलफर्ड बँक्स बेटावर कॅसांड्रा नुन्येझ यांना लस दिलेल्या घोड्या अधिक वेळा गट बदलताना दिसल्या.

हेलिकॉप्टरने पिटाळून घोडे पकडण्यापेक्षा ही लस मला सौम्य आणि योग्य उपाय वाटते. लस दिलेल्या घोडीवर दूध पाजण्याचा भार नसतो, त्यामुळे तिची प्रकृती बहुधा चांगलीच राहते आणि बुडालेल्या चरण्याची झळ तिला स्वतःला कमी बसते. परंतु तिच्यामुळे गटात वाढलेली नरांची धावपळ आणि वरचेवर बदलणारी सोबत लस न दिलेल्या, शिंगरू पाजणाऱ्या शेजारणीलाही सोसावी लागू शकते. म्हणून लसीचे यशापयश ठरवताना जन्मलेल्या शिंगरांच्या आकड्यासोबत या शेजारणींचे चरण्याचे तासही मोजले जावेत.