नजरेआडचे सहा मीटर: गिळायच्या कॅमेऱ्यामागची गोष्ट

तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोचते. खालून घातलेली मोठे आतडे पाहून थांबते. मधल्या जवळपास सहा मीटर लहान आतड्याचा बहुतेक भाग विसावे शतक संपेपर्यंत डॉक्टरांना नीट दिसतच नव्हता. शौचातून रक्त जातेय, हिमोग्लोबिन उतरतेय आणि दोन्हीकडच्या तपासण्या मात्र स्वच्छ, असा रुग्ण आला की एक्स-रेत उठून दिसणारे बेरियम पाजून एक्स-रे काढायचे आणि तरीही निदान झाले नाही तर काही वेळा पोट उघडून पाहायचे. या रुग्णांचे हाल ध्यानात घेतल्याशिवाय गिळायच्या कॅमेऱ्याचे, म्हणजे कॅमेरा बसवलेल्या कॅप्सूलचे, मोल कळत नाही.

दुर्बीण लवचीक झाली ती काचतंतूंमुळे. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी यांनी तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येते हे दाखवले. त्याच आधारावर बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये लवचीक गॅस्ट्रोस्कोप वापरात आणला. पोटातला दाब, तापमान रेडिओवरून कळवणाऱ्या गोळ्याही त्याच वर्षी आल्या. म्हणजे गिळायची गोळी होती, रेडिओही होता. अडले होते ते चित्रापाशी.

गॅव्रिएल इद्दान हे इस्रायलच्या राफाएल या संरक्षण संस्थेतले अभियंते, क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर काम करणारे. १९८१ मध्ये ते बोस्टनला असताना पोटविकारतज्ज्ञ एतान स्कापा यांच्याशी ओळख झाली आणि स्कापांनी लहान आतड्याची अडचण त्यांच्यापुढे मांडली. कल्पना सुचली, पण तेव्हाचे कॅमेरे इतकी वीज खात की गोळीत मावणारी बॅटरी काही मिनिटांतच संपली असती. हा तिढा सुटला नव्वदच्या दशकात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या गटाने अंतराळयानांसाठी अगदी कमी विजेवर चालणारा सीमॉस सेन्सर, म्हणजे प्रकाशातून चित्र टिपणारी चिप, घडवला होता. माझ्या मते खरी कलाटणी हीच.

इकडे लंडनमध्ये डॉ. पॉल स्वेन स्वतंत्रपणे याच प्रश्नाच्या मागे होते. पुढे इद्दान आणि स्वेन यांची गाठ पडली. १९९८ मध्ये गिव्हन इमेजिंग कंपनी निघाली आणि १९९९ मध्ये पहिली कॅप्सूल गिळली ती खुद्द स्वेन यांनी, स्कापांच्या दवाखान्यात. मे २००० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात निबंध आला, ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेची परवानगी मिळाली.

ती कॅप्सूल होती २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड. आत चिमुकले एलईडी दिवे, भिंग, सेन्सर, बॅटऱ्या आणि ट्रान्समीटर. कॅप्सूल सेकंदाला दोन चित्रे रेडिओवरून पाठवी आणि पोटावर चिकटवलेले सेन्सर व कमरेचा रेकॉर्डर ती टिपत. आठेक तासांत पन्नास हजारांच्या घरात. रुग्ण तेवढ्या वेळात हिंडूफिरू शके. आतड्याच्या स्वतःच्या हालचालीनेच कॅप्सूल पुढे सरकत जाई आणि शेवटी शौचावाटे बाहेर पडे.

धोका एकच मोठा: वाट अरुंद असेल तर ती अडकते. क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणारा आजार) किंवा आतड्याच्या क्षयात अशी अरुंद जागा तयार होते, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. म्हणून शंका असेल तर आधी त्याच मापाची, अडकलीच तर विरघळून जाणारी चाचणी-कॅप्सूल देतात. नेहमीच्या कॅप्सूलने तुकडा काढता येत नाही, वाहते रक्तही थांबवता येत नाही. दोष नेमका कुठे आहे ते कळल्यावर पुढच्या कामाला आजही लहान आतड्यात खोलवर जाणारी लांब दुर्बीण किंवा शस्त्रक्रियाच लागते.