गाईच्या फुप्फुसात कुंपणच शेत खातं तेव्हा

आयर्लंडमध्ये गाईला क्षयरोग आहे की नाही, हे आजही मुख्यतः मानेची कातडी मोजून ठरवतात. मानेवरचे केस दोन जागी कातरायचे; एका जागी पक्ष्यांच्या क्षयजंतूचं ट्युबरक्युलिन, म्हणजे जंतूच्या प्रथिनांचा अर्क, टोचायचं, दुसऱ्या जागी गाईच्या क्षयजंतूचं. ७२ तासांनी पशुवैद्य कॅलिपर घेऊन पुन्हा गोठ्यात हजर. दुसरी सूज पहिलीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त भरली, की जनावराची रवानगी कत्तलखान्यात. १९५४ पासून ही मोहीम चालू आहे आणि रोग अजून हटलेला नाही.

जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम बोव्हिस. आपल्याला तो अगदीच परका नाही. दंडावर ज्या बीसीजीचा वण असतो, ती लस याच जंतूला १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षं पित्त घातलेल्या बटाट्यावर पोसून, मवाळ करून बनवली.

श्वासाबरोबर आत गेलेल्या जंतूला फुप्फुसाच्या वायुकोशातली मॅक्रोफेज ही भक्षक पेशी गिळते आणि एका पिशवीत कोंडते. पुढे त्या पिशवीत पाचकरसाची लायसोसोम पिशवी रिकामी व्हायला हवी. इथेच जंतू खोडा घालतो, आणि जिने त्याला खायचं तिच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो.

हे त्याला जमतं कसं? उत्तराचा एक धागा मायक्रोआरएनएत आहे. हे जेमतेम २२ अक्षरांचे आरएनएचे तुकडे. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला ते चिकटतात आणि तो निरोप दाबून टाकतात. जुळायला सुरुवातीची सात-आठ अक्षरं पुरतात, म्हणून एकच तुकडा शेकडो निरोपांच्या आड येऊ शकतो. असा पहिला तुकडा १९९३ मध्ये एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडला. त्यासाठी अँब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

डब्लिनच्या संशोधकांनी गाईच्या फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींना बोव्हिसची लागण करून हे तुकडे मोजले. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. दोन तासांनी बदललेला तुकडा एक, २४ तासांनी सहा, ४८ तासांनी ४०! त्यांची संभाव्य लक्ष्यं तपासली, तर गिळण्याच्या आणि लायसोसोमच्या ये-जा करण्याच्या कामातली जनुकं ठळकपणे पुढे आली. अर्थात ही संगणकाने जुळवलेली यादी आहे, तिच्यावर फार भिस्त ठेवू नये.

मिआर-१४६ या एका मायक्रोआरएनएची गोष्ट मात्र जास्त पक्की आहे. गाईच्याच मॅक्रोफेज पेशींच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या वाणात तो मुद्दाम वाढवून पाहिला, तर त्याने इराक-१ आणि ट्राफ-६ ही दोन जनुकं दाबली. दोन्ही धोक्याची वर्दी पेशीच्या आत पोचवणारी. हा ब्रेक मुळात गाईच्याच भल्याचा आहे. दाह आवरला नाही तर नाजूक फुप्फुस जंतूआधी स्वतःच्याच माऱ्याने खराब होईल. पण ब्रेक लागला की मोकळीक जंतूला मिळते.

मग कॅलिपर सोडून रक्तातला मिआर-१४६ च का मोजू नये? कारण तो क्षयापुरता नाही. दाह कशानेही पेटो, पेशी हाच ब्रेक दाबते.